रुळांकडे तोंड, आमच्याकडे पाठ

उत्तम, तुझा फोटो कुठला लावायचा यावरून तुझ्या घरी अडलं होतं. वहिनींचा मला फोन आला. म्हणाल्या, भावजी, तुमच्याकडे असेल ना एखादा चांगला, तुम्ही तर सारखे काढत असता. मी छातीठोकपणे हो म्हटलं आणि मोबाइल उघडून बसलो. तुझे फोटो भरपूर निघाले रे. घाटकोपरच्या पुढचे, विक्रोळीच्या पुलाखालचे, भांडुपच्या वळणावरचे, मुलुंडचे. पण एकूण एक पाठमोरे. नारिंगी जाकीट, त्यावरचे मळून राखाडी झालेले चमकते पट्टे, मानेवर ओला रुमाल, बगलेत गुंडाळलेल्या झेंड्या. एवढ्या वर्षांची मैत्री आणि माझ्याकडे तुझ्या तोंडाचा एक धड फोटो नाही. वहिनींना हे कसं सांगणार? मी सांगितलं, मोबाइल बिघडलाय. ज्या मोबाइलवरून बोलत होतो, तोच.

शेवटी त्यांनी तुझ्या ओळखपत्रावरचाच मोठा करून आणला. त्यात तू असा बसला आहेस की जणू कुणी हसायला मनाई केली आहे. त्याला हार घालताना मला वाटलं, हा कोण गृहस्थ? मला कुणी तुझी पाठ दाखवावी, हजार माणसांतून ओळखून दाखवतो.

तू जरा थांब आता. तुला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना सांगायला हवं, नाहीतर ते म्हणतील हा पाठीचं काय घेऊन बसलाय. तर मंडळी, आम्ही दोघं रेल्वेच्या गँगमध्ये. घाटकोपर ते मुलुंड आमचा पट्टा. रुळाखालची खडी ठोकून बसवायची, रूळ धरून ठेवणाऱ्या ढिल्या पडलेल्या चाव्या घट्ट करायच्या, तडा दिसला तर ओरडायचं. मोठं काम रविवारी गाड्या बंद ठेवून होतं, पण रोजचं काम गाड्या चालू असतानाच करावं लागतं. तेव्हा गँगपासून थोडं दूर एक माणूस उभा असतो. त्याच्या हातात ना पहार, ना फावडं. गळ्यात शिट्टी आणि हातात झेंड्या. आमच्यात त्याला लुकआउटवाला म्हणतात. गाडी येताना दिसली की शिट्टी वाजवायची, एवढंच त्याचं काम. शिट्टी ऐकली की आम्ही अवजारं उचलून बाजूला. बाकी वेळ त्याने आमच्याकडे बघायचं नाही आणि आम्ही त्याच्याशी बोलायचं नाही. आमच्याकडे बघितलं तर तेवढा वेळ तो रुळांकडे बघत नाही, असा साधा हिशोब.

हे काम तू इतकी वर्षं केलंस की नवीन आलेल्यांना वाटायचं तू तसाच उगवला आहेस, सिग्नलच्या खांबासारखा.

मी तुला पहिल्यांदा ओळखलं तेही पाठीवरूनच. आठवतं ना, तो टॉवेल. मी नुकताच गँगमध्ये आलो होतो. मालवणातून सरळ मुंबईत, अंगात मस्ती, डोक्यात काही नाही. मे महिना, नाहूरच्या पुढे काम चाललं होतं. बायकोने निघताना नवाकोरा टॉवेल दिला होता, लालभडक. घामाने जीव नकोसा झाला म्हणून मी तो काढला आणि डोक्यावरून गरागरा फिरवून वारा घ्यायला लागलो. समोरून स्लो गाडी येत होती. मोटरमनला काय दिसलं? रुळाच्या कडेला एक माणूस जिवाच्या आकांताने लाल कापड हलवतोय. त्याने गाडी उभी केली. भर दुपारी, दोन स्टेशनांच्या मधोमध. बिचारा डोकं बाहेर काढून म्हणाला, "क्या हुआ?" आणि मी, उत्तम, मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "गरमी."

मुकादम भोईर माझ्या अंगावर धावून आले. सगळी गँग कपाळाला हात लावून. मी घाबरून तुझ्याकडे बघितलं, कारण तू सगळ्यात जुना. तू वळला नाहीस. रुळांकडे तोंड करून तसाच उभा. पण तुझे खांदे हलत होते. मग जाकिटावरचे पट्टे हलायला लागले. एक माणूस पाठीने हसू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. साहेबांपुढे माझी पुरती वाट लागली, ती वेगळी गोष्ट. पण त्या हसणाऱ्या पाठीने मला सांभाळून घेतलं. नाहीतर मी दुसऱ्याच दिवशी गाशा गुंडाळून गावी गेलो असतो, आंब्याच्या पेट्या भरत बसलो असतो.

मग आपलं जमलं. तू परभणीकडचा, मी कोकणातला. तुला मासे वर्ज्य नव्हते पण काटे काढता यायचे नाहीत. मी तुला बांगडा खायला शिकवायचा प्रयत्न केला, तर तू म्हणालास, एवढं बारीक काम मला घरी नको, दिवसभर तेच करतो. आपण बोलायचो ते कामाच्या आधी किंवा नंतर. कामावर मी बोलायचो आणि तू पाठीने उत्तर द्यायचास. नियम होता लुकआउटवाल्याशी बोलायचं नाही म्हणून, पण मी तुझ्याशी कुठे बोलत होतो? मी मोठ्याने स्वतःशी बोलायचो, तुला ऐकू जाईल इतपत. भोईर शिव्या द्यायचे. तू हो असेल तर मान किंचित खाली, नाही असेल तर उजवा खांदा वर. बायकोशी झालेली भांडणं, गावच्या जमिनीची भावकी, मुलाने घेतलेली नसती शाखा, सगळ्यावर मी तुझ्या खांद्याचा सल्ला घेतला आहे. त्यातले बरेच सल्ले चुकले, पण दोष कुणाला देणार? खांद्याला?

आणि चहा. चहा आम्ही आळीपाळीने प्यायचो, काम चालूच असायचं, म्हणून तू जागा सोडायचा नाहीस. तुझा ग्लास तुला नेऊन द्यावा लागायचा. तोही हाक न मारता. डाव्या बाजूने जायचं, ग्लास तुझ्या कोपराच्या जवळ धरायचा, आणि उभं राहायचं. तू नजर न हलवता हात पुढे करायचास आणि बरोबर काठाला धरायचास. हे ग्लास देणं गँगने माझ्याकडे सोपवलं होतं, कारण तेवढा वेळ माझं तोंड बंद राहायचं. मी खोडसाळपणा करायचो. कधी ग्लास जरा मागे धरायचो, कधी वर. तुझा हात तिथे यायचा. मी म्हणायचो, याला कानाच्या मागेही डोळे आहेत.

त्या दिवशी मी ग्लास धरला आणि तुझा हात आला नाही.

मला वाटलं, मजा करतोय. इतकी वर्षं मी केली, आज हा करतोय. मीही हट्टाला पेटलो, धरूनच उभा राहिलो. चहावर साय आली. बोटांना चटका बसून तो निवलाही. शेवटी मी ग्लास हळूच पुढे नेला, पुढे, आणखी पुढे, जवळजवळ तुझ्या नाकासमोर, तेव्हा तू दचकलास. उत्तम, तुला मी कधीच दचकताना बघितलं नव्हतं. धडधडत गाड्या तुझ्या हाताच्या अंतरावरून गेल्या तरी तुझी पापणी हलायची नाही, आणि चहाच्या ग्लासाला दचकलास. ग्लास घेतलास, प्यायलास, परत दिलास. पण तुलाही कळलं होतं आणि मलाही कळलं होतं.

मुलुंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी तुझ्याबरोबर आलो ते तुला आवडलं नव्हतं. डॉक्टर बाईंनी यंत्रासमोर बसवलं, उजेडाचे ठिपके दाखवले, दिसला ठिपका की बटण दाबा म्हणाल्या. मी कोपऱ्यात बसून बघत होतो. ठिपके होते, आणि तू बटण दाबत नव्हतास. काचबिंदू, म्हणाल्या. डाव्या बाजूचं दिसणं बरंच गेलं आहे, उजवीकडेही सुरुवात आहे, गेलेलं परत येत नाही, औषधाने राहिलेलं टिकवायचं. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं मात्र तू अगदी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलीस. माझ्यापेक्षा चांगली. मला त्या ओळीत मुंग्या दिसत होत्या.

दवाखान्याबाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी आपलं भांडण झालं. तुझंमाझं एकमेव खरं भांडण, आणि ते अजून संपलेलं नाही. तू गेलास म्हणून मी ते सोडून देणार नाही, हे आधीच सांगतो.

तू म्हणालास, उद्या साहेबांना सांगतो. मी म्हटलं, वेडा आहेस का? तपासणीत तक्ता वाचायला लावतात, तो तुला वाचता येतो. कुणाला कळणार आहे? निवृत्तीला किती राहिलंय तुझ्या? गप्प बस ना यार.

तू रसाचा ग्लास दोन्ही हातांत धरला होतास. म्हणालास, "आणि डावीकडून आली तर?"

"मी सांगेन तुला."

"तू कुठं असशील?"

"तुझ्या मागे. नेहमी असतो तिथे."

"वाकलेला?"

मी रसाच्या गाडीकडे बघायला लागलो.

"वाकलेल्या माणसाला काय दिसतंय, गावड्या? खडी दिसती."

मी मग नाही नाही ते बोललो. म्हटलं, तुला मोठेपणा हवाय. म्हटलं, पेपरात फोटो येईल असं वाटतंय का? म्हटलं, कानाने ऐक, सगळे तेच करतात. त्यावर तू मला समजावायला लागलास, जसं काही मी पहिल्यांदाच रूळ बघतोय. एक गाडी बाजूने धडधडत जात असताना तिच्या आवाजाखाली दुसरी येते, कानाला दोन्ही मिळून एकच वाटते, तेव्हा डोळ्याशिवाय काही नाही. हे मला माहीत होतं. म्हणूनच मी चिडलो होतो.

दुसऱ्या दिवशी तू खरंच गेलास. साहेबांनी कागद वर पाठवले, मोठी तपासणी झाली, तुला रुळावरच्या कामाला अपात्र ठरवून विक्रोळीच्या स्टोअरमध्ये बसवलं. इथवर मी समजू शकतो. पण साहेबांनी विचारलं, तुझ्या जागी कोण, तेव्हा तू माझं नाव घेतलंस. माझं! गँगमध्ये एकापेक्षा एक शांत माणसं असताना. लाल टॉवेलवाल्याचं. भोईरांनी मला ते सांगितलं तेव्हा त्यांचाही विश्वास बसत नव्हता. म्हणाले, उत्तमचे डोळे गेलेत ते खरंच दिसतंय.

मी तुझ्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे कामाशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं. तुला ठाऊक आहे माझं, अबोला धरायचा तर तोही मला कुणाला तरी सांगावा लागतो. सगळ्या गँगला सांगून झालं की मी उत्तमशी बोलत नाही. पण नवीन शिट्टी घ्यायला स्टोअरमध्ये यावंच लागलं. तू स्टुलावर बसला होतास. मागे हातमोज्यांचे ढीग, पाने, झेंड्यांचे गठ्ठे. एक खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी. तू शिट्टी काढून दिलीस, वाजवून बघ म्हणालास. मी वाजवली नाही. तेवढ्यात मागून गाडी गेली आणि तुझा हात छातीवर गेला. गळ्यातली शिट्टी चाचपायला. तिथे शर्टाचं बटण होतं. तू ते धरलंस आणि सोडलंस, आणि मी काही न बघितल्यासारखं करून बाहेर पडलो. नंतर मी जेव्हा जेव्हा आलो, तेव्हा तेव्हा हे बघितलं. त्या लाइनीला गाड्या कमी नाहीत रे उत्तम.

एवढी वर्षं उभा राहिलेला माणूस बसला की कसा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. तू लहान दिसायला लागलास. बोलणंही कमी झालं. आधी तुझं खांद्याने तरी व्हायचं.

आणि इकडे माझे हाल. पहिल्या आठवड्यात मी सगळ्याला शिट्टी मारली. पलीकडच्या शेवटच्या रुळावरून जाणाऱ्या मालगाडीला मारली. यार्डात उभ्या असलेल्या इंजिनाला मारली, ते कधीपासून बंद होतं देव जाणे. एकदा ऐरोलीच्या पुलावरून जाणाऱ्या टँकरचं छप्पर उन्हात चमकलं, त्यालाही मारली. गँग उठायची, अवजारं उचलायची, बाजूला व्हायची, बघायची, शिव्या घालायची, परत वाकायची. भोईर म्हणाले, गावडे, आता कावळ्याला मारायची राहिलीय फक्त. संध्याकाळी माझे ओठ सुजलेले असायचे. मान लाकडासारखी. पण खरा त्रास तो नव्हता. मागे गप्पा चालायच्या, कुणी काहीतरी भारी बोलायचं, सगळे हसायचे, आणि मला वळता यायचं नाही. मला, उत्तम. ज्याने आयुष्यात कुणाचा विनोद पूर्ण होऊ दिला नाही, त्याला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, तू एवढी वर्षं माझी बडबड ऐकून घेतलीस, त्यात तुला काय सोबत झाली असेल. आणि काय एकटेपणा.

मग तू सुटीच्या दिवशी आलास. मला न सांगता. नाहूरच्या पादचारी पुलावर उभा राहून तू माझी शिट्टी ऐकत होतास. मला काम संपल्यावर कळलं, जिन्याखाली तू उभा होतास, वहिनी तुझ्या डाव्या हाताला. तू अबोलाबिबोला काही मानलाच नाहीस. सरळ म्हणालास, "तुझी शिट्टी घाबरलेली आहे."

मी म्हटलं, "माणूस घाबरलाय, शिट्टी काय खुशीत वाजणार?"

"तू घाबर. ते तुझ्यापाशी ठेव. घाबरलेली शिट्टी ऐकली की माणूस उडी मारतो. उडी कुठल्या रुळावर पडंल ते सांगता येतं का?"

वहिनी हसल्या. मलाही हसू आलं, आणि राग गेला तो तिथेच. तू मला लांब, एकसारखी फुंक कशी मारायची ते दाखवलंस, शिट्टीशिवाय, नुसते ओठ गोल करून, जिन्याखाली, येणारे-जाणारे बघत असताना. लोकांना वाटलं असेल दोन म्हातारे फुगे फुगवायचा सराव करताहेत. मी तेव्हा संधी साधून विचारलं, सगळं ठीक आहे, पण माझंच नाव का घेतलंस? तू म्हणालास, "चल, चहा घेऊ."

चहा घेतला.

पुढेही मी दोन-तीनदा विचारलं आणि तू दर वेळी काहीतरी खायला-प्यायला काढलंस. मी माझ्यापरीने अंदाज बांधले आहेत. एक म्हणजे माझी नजर एका जागी ठरत नाही, माशीसारखी सगळीकडे फिरते, ते या कामाला बरं. दुसरा अंदाज, ज्याच्या हातून इतके घोळ झाले आहेत त्याला घोळ होऊ शकतो हे कुणी शिकवावं लागत नाही. तिसरा, तुला एकदाचं माझं तोंड बंद करायचं होतं. भोईरांना तिसरा पटतो.

तू गेलास ती बातमी मला रुळावरच मिळाली. म्हणजे मिळाली नाही, भोईरांनी काम संपेपर्यंत दाबून ठेवली. लुकआउटवाल्याला मधेच काही सांगायचं नाही. ते मागे उभे होते, त्यांच्या फोनवर बातमी होती, आणि मी पुढे रुळांकडे बघत उभा होतो. मागची बडबड एकदम थांबली एवढं मला जाणवलं. मला वाटलं, दमले असतील. संध्याकाळी अवजारं गोळा झाल्यावर भोईरांनी माझ्या गळ्यातली शिट्टी आधी काढून घेतली, मग सांगितलं.

कांजूरमार्ग स्टेशनबाहेर. तू भाजी घ्यायला निघाला होतास. वहिनींना ताप होता म्हणून एकटा. डावीकडून स्कूटर आली. तुझ्या बाजूने बघितलं तर ती आलीच नाही. स्कूटरवाला पोलीस चौकीत बसून रडत होता, मी बघितला त्याला. सारखा एकच सांगत होता, मैंने हॉर्न बजाया था. खोटं बोलत नसणार. त्या रस्त्यावर प्रत्येक जण हॉर्न वाजवत असतो, सकाळपासून, सगळ्यांना, कशालाही. त्यातला एक तुझ्यासाठी होता हे तुला कसं कळावं?

आणि इथे आपलं भांडण परत सुरू होतं. तुला फोटोत गप्प बसवलंय म्हणून मी गप्प बसणार नाही. मी म्हणतो, तू साहेबांना सांगितलं नसतंस तर अजून गँगमध्ये असतास. त्या वेळी बाजारात नसतास, आमच्यापुढे उभा असतास, पाठ करून. तू जिवंत असतास. यावर तू खांदा वर करणार, मला दिसतोय तो. तू म्हणणार, मी असतो, आणि डावीकडून आली असती तर? मग मी म्हणणार, आली नसती. तू म्हणणार, कशावरून? मी परत पहिल्यापासून सुरू करतो. गेले कित्येक दिवस हेच चाललंय. मी प्रत्येक वेळी तुला वाचवायला जातो आणि प्रत्येक वेळी आमच्यापैकी कुणीतरी मरतो. कधी भोईर. कधी तो नवीन लागलेला, ज्याचं मेमध्ये लग्न आहे. बऱ्याचदा मीच असतो, कारण शिट्टी ऐकूनही मी एखादा विनोद पुरा करायला थांबलेला असतो. मग मी ते सगळं पुसून टाकतो आणि तू परत भाजीला निघतोस.

मला जिंकायचंय रे हे भांडण. जिंकलो तर तू असशील. म्हणून सोडवत नाही.

तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आम्ही सगळी गँग आलो होतो. साहेबांनी माणसं आळीपाळीने सोडायची तयारी दाखवली, पण भोईरांनी सगळ्यांची सुटी घेतली. वंदना झाली. तुझ्या त्या न हसणाऱ्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या. मग कुणीतरी म्हणालं, त्यांच्या कामावरच्या कुणी दोन शब्द बोलावेत. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहजिकच. मी उठलो. टॉवेलची गोष्ट सांगायची म्हणून तोंड उघडलं, ती सांगितली की लोक हसतात हे मला माहीत आहे, आणि आवाजच फुटेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बोलायची परवानगी होती, आणि मी तुझ्यासारखा नुसता उभा राहिलो. मग भोईरांनी बाही धरून खाली बसवलं. दोन शब्द म्हणजे अक्षरशः तेवढेसुद्धा झाले नाहीत.

नंतर जेवणं सुरू झाली. गल्लीतच पट्ट्या अंथरल्या होत्या. वरण-भात, बटाट्याची भाजी, बुंदी. मी वाढायला उभा राहिलो होतो तर तुझी लेक स्नेहल माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले, पण आवाज तुझ्यासारखाच, सरळ. म्हणाली, काका, एक विचारू का? तुम्ही रागावणार नाही ना? मी म्हटलं, विचार. म्हणाली, शाळेपासून लोक मला विचारायचे, तुझे बाबा रेल्वेत काय करतात. मी बाबांना विचारलं तर म्हणायचे, उभा असतो. मला वाटायचं थट्टा करताहेत. मग मोठी झाल्यावर वाटायला लागलं, काहीतरी सांगण्यासारखं नसेल. ऑफिसात कुणी विचारलं तर मी नुसतं रेल्वेत आहेत म्हणायचे. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा नेमकं काय करायचे, काका?"

मला वाटलं, आता बोल गावडे, हे तुझं काम. झेंड्या, शिट्टी, डावी बाजू, वळण, सगळं सांग. मी सुरुवातही केली, आणि मलाच ते पोकळ वाटायला लागलं. लाल फडकं आणि शिट्टी. यावर एक पोरगी काय समजून घेणार?

समोर आमची रांग बसली होती. भोईर भात कालवत होते. त्यांच्या बाजूचा भाजी परत मागत होता. तो नवीन लागलेला बुंदी आधी खाऊन मोकळा झाला होता आणि दुसऱ्याच्या पानावर डोळा ठेवून होता. कुणी कुणाला काही बोलत नव्हतं, माना खाली, सगळे वाकलेले.

मी म्हटलं, "हे सगळे धडधाकट बसून जेवताहेत ना? हेच करायचा तो."

ती रांगेकडे वळली. मग तिने माझ्या हातातलं भाजीचं पातेलं घेतलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. एकेकासमोर थांबायची, तोंडाकडे नीट बघायची, मग वाढायची. कुणी पुरे म्हटलं तरी थोडं वाढायचीच. भोईरांनी मान वर केली, तिला बघितलं, आणि पुरे म्हणायचं विसरून गेले.

मी रांगेच्या शेवटी जाऊन बसलो. पान समोर ओढलं. ती माझ्यापर्यंत आली, थांबली, माझ्याकडेही तसंच बघितलं, आणि मलाही वाढलं.